चिवड्याखालचा आयकर

सीए फायनलच्या दुसऱ्या ग्रुपचा माझा तिसरा प्रयत्न होता. पहिला ग्रुप निघाला होता. दुसरा दोनदा अडकला, आणि दोन्ही वेळा आयकराच्या पेपरनं अडवला. बीडच्या एका फर्ममधली आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, संपली होती आणि पुण्यात खोली घेऊन राहणं घरच्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून मी गावी परत आले. दिंद्रुडच्या अलीकडे आमचं गाव. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखतात. नवी कोकरं उन्हाच्या वेळी घरातच असतात. त्यांच्या गोंगाटात कलमं डोक्यात शिरत नाहीत, हे मी करून पाहिलं होतं.

गावातल्या समाजमंदिराच्या माडीवर एक अभ्यासिका होती. दहा-बारा टेबलं, दोन पंखे, एक लोखंडी कपाट. पोलीस भरतीची पोरं तिथं बसायची. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा ती एकमेकांकडे बघत राहिली. मग त्यांच्यातल्या एकानं खिडकीजवळचं टेबल पुसून दिलं. तेवढ्यावर सगळं मिटलं. सकाळी सातला मी जाऊन बसायची, दुपारी भाकरी खायला घरी यायची, पुन्हा दिवेलागणीपर्यंत तिथंच.

अकरा महिने मी आयकराची टिपणं काढली. फूलस्केप कागदावर, दोन रंगांच्या शाईत. भांडवली नफा, ट्रान्सफर प्रायसिंग, न्यायनिवाडे. दोनदा नापास झाल्यावर माणसाला आपण कुठं चुकतो ते नेमकं कळतं. माझ्या सगळ्या चुका मी त्या कागदांवर लाल शाईत मांडल्या होत्या. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याच पुस्तकात त्या नव्हत्या. घरी कोकरं कागद खातात, म्हणून फाईल मी अभ्यासिकेच्या कपाटात ठेवायची.

परीक्षेला सात आठवडे उरले असताना निवडणूक लागली. एका सोमवारी सकाळी गेले तर टेबलं बाहेर गच्चीवर एकावर एक रचलेली. आत गाद्या टाकलेल्या, भिंतीला झेंडे टेकवलेले. आमच्या भागातल्या पुढाऱ्याचं प्रचार कार्यालय रात्रीतून तिथं आलं होतं. कोणाला विचारलं नव्हतं, कोणाला सांगितलं नव्हतं.

सात-आठ माणसं गादीवर बसून चिवडा खात होती. चिवडा कागदांवर ओतलेला. दोन रंगांची शाई मला दारातूनच ओळखू आली.

मी आत गेले आणि एकाच्या पुढ्यातला कागद उचलला. चिवडा गादीवर सांडला.

"अवो ताई, काय करतायसा?" तो म्हणाला.

"ही माझी टिपणं आहेत."

"आमाला काय ठावं? रद्दी वाटली. कपाटात पडलेली व्हती."

"कपाटात होती. पडलेली नव्हती."

तो हसला. वाईट माणूस नसावा, पण हसला. मी गुडघ्यावर बसून कागद गोळा केले. तेलानं पुढची-मागची शाई एकमेकांत मिसळून गेली होती. भांडवली नफ्याचं प्रकरण जवळजवळ सगळंच गेलेलं. काही पानांनी कुणीतरी हात पुसले होते. भरतीची पोरं जिन्यात उभी होती, पण आत कोणी आलं नाही. मला त्यांचाही राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मी ते कागद तसेच घेऊन पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेले. तो व्हरांड्यात चहा पीत बसला होता. मी कागद त्याच्यासमोर टेबलावर ठेवले आणि झालेलं सांगितलं. अभ्यासिका परत द्या म्हटलं.

"कामून एवढी तापतीस पोरी?" तो शांतपणे म्हणाला. "निवडणूक झाली की तुमचीच हाय ना ती."

"निवडणूक होईपर्यंत माझी परीक्षा होऊन जाईल, साहेब."

"मग घरी बस की. पोरीच्या जातीनं घरी बसून शिकावं. अन् वह्यांचं काय घेऊन बसलीस, वह्या देतो मी."

त्यानं आत हाक मारली. एक माणूस डझनभर कोऱ्या वह्या घेऊन आला. प्रत्येक वहीवर पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. अकरा महिन्यांच्या बदल्यात कोऱ्या वह्या. त्यानं त्या खरंच भरपाई म्हणून दिल्या होत्या. आपण चांगलं वागलो असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. वह्या मी तिथंच ठेवल्या आणि निघून आले.

संध्याकाळी त्याचा माणूस त्या वह्या घरी देऊन गेला. आईनं पोरीची सोय झाली म्हणून त्याला चहा केला.

मी फोटोचे पुठ्ठे फाडून चुलीत घातले आणि त्याच वह्यांत पुन्हा लिहायला बसले, कारण दुसरा कागद घरात नव्हता. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीखाली सावली असायची, तिथं बसायची. लिहिताना आधीचं काय लिहिलं होतं ते आठवायचं नाही. आठवलं तरी खात्री वाटायची नाही. परीक्षेला संभाजीनगरला गेले तेव्हा निम्मीच टिपणं झाली होती. भांडवली नफ्यावर मोठा प्रश्न आला. मी अर्धा सोडवला आणि थांबले. त्या वेळी आयकरात चार गुणांनी गेले.

पुढच्या प्रयत्नात पास झाले. तेव्हा फर्ममधले सर फोनवर म्हणाले, "बरंच झालं म्हण की. दोनदा लिहिल्यामुळे पक्कं झालं." अजूनही कोणी ना कोणी तसं म्हणतं. बरं काहीही झालं नाही. माझा एक प्रयत्न गेला, तेवढे महिने गेले, आणि ते एका माणसाच्या चिवड्यासाठी गेले.

निकालानंतर पंधरा दिवसांनी त्याच समाजमंदिरापुढं माझा सत्कार ठेवला. मी नको म्हणत होते. आबा म्हणाले, "चल. लोक बोलावत्यात तर जावं." पुढाऱ्यानं मला शाल दिली आणि माइकवर सांगितलं, की आपण उभ्या केलेल्या अभ्यासिकेतून तालुक्याला सीए मिळाली. मग बोलायला माइक माझ्याकडे दिला.

मी जे झालं ते सांगितलं. कोणत्या दिवशी टेबलं बाहेर काढली, कागदांवर काय खाल्लं, बदल्यात काय दिलं. आवाज चढवला नाही. पुढारी शेवटपर्यंत हसऱ्या तोंडानं बसून राहिला. मी शाल खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले. घरी येईपर्यंत मला हलकं वाटत होतं.

आबा मात्र तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नदीकाठची मोठी रानं त्या पुढाऱ्याची. कापूस निघाला की आबांची मेंढरं तिथं चरायची, गेली कित्येक वर्षं. ते तीन दिवस ती तिकडं गेली नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मेंढरं पुन्हा त्याच रानाकडे निघालेली पाहिली आणि मला बरं वाटलं. वाटलं, त्यानं मनावर घेतलं नसावं.

खरं काय ते आईनं महिन्याभरानं सांगितलं. आबा एकटेच बंगल्यावर गेले होते. पोरगी शिकली पण अक्कल न्हाई, माफी करा, असं म्हणून त्यांनी हात जोडले होते.

मी तशीच रानात गेले. आबा बांधावर बसले होते.

"तुम्ही माझ्या वतीनं माफी का मागितली?"

"तुझ्या वतीनं न्हाई," ते मेंढरांकडे बघत म्हणाले. "माझ्या. तू आता नोकरीला पुण्याला जाशील. मला हितंच ऱ्हायचंय."

राग तर होताच, आधीपेक्षा जास्त, पण समोर आबा होते. एक कोकरू कळपापासून लांब गेलं होतं. ते उठून त्याच्या मागं गेले. मी घरी येऊन बॅग भरली आणि दुपारच्या एसटीनं पुण्याला निघाले.