पेवात सोडलेला कंदील

जरा जवळ सरका बघू. एका हाताने भाजी परतायची, दुसऱ्या हाताने मोबाईल सरकवायचा आणि मग खाली कमेंटमध्ये विचारायचं, "काकू, म्हणजे नेमकं झालं काय?" असं वाचतात का कुणाचं? गॅस बारीक करा आणि बसा.

मी असल्या भुताखेताच्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. इथेच कुणी चिंचेखालच्या बाईचा अनुभव लिहिला होता, तेव्हा "रात्री वांगं कमी खात जा" असं लिहिणारी मीच. त्यामुळे आज तुम्ही मला हसलात तर मी रागावणार नाही.

मी रेणापूरची. माझ्या आईची थोरली बहीण, सोनामावशी, बरीच वर्षं माझ्याकडेच असते. पंच्याऐंशीच्या आसपास आहे. कान शाबूत, डोळे ऑपरेशननंतर माझ्यापेक्षा चांगले, आणि तोंडाचं तर विचारूच नका. फक्त एका विषयावर ती बोलायची नाही... तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा. निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या दिवसांत ते गेले. माझी आई तेव्हा पाळण्यात, तिला काहीच ठाऊक नव्हतं. मावशीला विचारलं की एवढंच म्हणायची, "पळापळीत गेले आप्पा." आणि उठून कशाला तरी लागायची.

तर लातूरला तो सिनेमा लागला. आपल्याच भागातला, त्याच काळातला, खऱ्या घटनांवरचा. नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. मावशी नाही म्हणेल असं धरूनच मी विचारलं. ती म्हणाली, "चल. बघू तर काय दावतेत." शेजारच्या रझियाभाभीही आल्या. दुपारचा शो, थेटर भरलेलं. निम्मे प्रेक्षक मावशीच्याच वयाचे, नातवंडांनी हात धरून आणलेले.

असे प्रेक्षक मी जन्मात पाहिले नव्हते. पडद्यावरचे लोक जीव मुठीत धरून कुजबुजत होते आणि आमचे मोठ्यानं बोलत होते. एक आजोबा म्हणाले, "ही ज्वारी हायब्रीड हाय. तवा कुठं होती?" मागून एक बाई म्हणाली, "दुश्मन दारात आन् लुगड्याला इस्त्री. लई कामाची हाय बाई." सगळे हसले. इंटरव्हलनंतर मात्र कुणी हसेना. पॉपकॉर्नचा आवाजसुद्धा थांबला.

मग तो सीन आला. गावात झडती सुरू झालीय, माणसं घराघरात शिरतायत. एक शेतकरी लपायला म्हणून अंगणातल्या पेवावरची शिळा सरकवतो. शहरातल्या पोरींसाठी सांगते, पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं ज्वारीचं कोठार. तोंड अरुंद, आत विहिरीसारखं खोल. बंद पेवातली हवा विषारी होते, म्हणून उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तो विझला, तर उतरलेला माणूसही परत येत नाही. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

आणि पडद्यावरचा माणूस सरळ पाय आत सोडून बसला.

"अरे, उतरायलाय की ह्यो."

"दिवा सोड आधी, बाबा."

"मरतंय आता. सिनेमावाल्याला कुणी सांगावं?"

थेटरभर असे आवाज. तेवढ्यात माझ्या शेजारी मावशी उभी राहिली. तिनं तोंडापाशी हात नेला आणि झटक्यानं खाली केला, जसं काही दुसऱ्या कुणाचा हात तोंडावरून काढतेय. आणि म्हणाली, "आप्पा. आधी दिवा सोडा." ओरडली नाही हो. अंगणातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाली.

पडद्यावरचा माणूस थांबला. पाय वर घेतला. मागं उभ्या बायकोच्या हातातला कंदील घेतला, दोरी बांधली आणि हळूहळू खाली सोडला. उजेड खाली खाली गेला... आणि विझला. तो काठावरच मागं सरकून बसला. मघाचे आजोबा म्हणाले, "वाचला." सगळ्या थेटरानं श्वास सोडला.

पुढचा सिनेमा मला आठवत नाही. मी मावशीकडेच बघत होते. ती खाली बसली आणि रझियाभाभींकडून पाणी मागून प्यायली.

परत येताना एसटीत तिनं आपण होऊन सांगितलं. "आईनं माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता. भाईर घोडे आलते. आप्पा उतरले पेवात. मला म्हाईत होतं गं, आधी दिवा सोडतेत म्हणून... पर तोंडावर हात होता."

रझियाभाभींनी तिचा हात धरला, तो रेणापूर येईपर्यंत सोडला नाही.

इथंवर अद्भुत काही नाही, ते मलाही कळतं. पण पुढं मी नांदेडला मन्मथकडे, माझ्या मुलाकडे गेले, तेव्हा तोच सिनेमा त्याच्या टीव्हीवर आला होता. मी म्हटलं, तेवढा पेवाचा सीन लाव. त्यानं लावला. तो माणूस पाय आत सोडतो, उतरतो, वरून शिळा सरकते. कंदील नाहीच. झडती संपल्यावर वर येतो तोही धडधाकट. पुन्हा पुन्हा लावून पाहिला, तेच.

"थेटरात वेगळा दाखवला असेल," मी म्हटलं.

मन्मथनं थेटरात पाहिलेल्या दोन-तीन मित्रांना विचारलं. कुणालाच कंदील आठवेना. "आई, मावशीआजी उभी राहिली, तू भावनेच्या भरात होतीस. वाटलं असेल तुला."

असेल. म्हणून मी रझियाभाभींना फोन लावला आणि काही न सुचवता विचारलं, त्या पेवापाशी काय झालं होतं हो? त्या म्हणाल्या, "उनो कंदील छोड्या ना, बुझ गया. कायकू, क्या हुआ?"



घरी आल्यावर मावशीला सांगावं की नाही, याच विचारात होते. टीव्हीवरचं कळलं तर पुन्हा गप्प होईल, ही धास्ती. तर मन्मथचाच फोन आला, स्पीकरवर. "आई, मावशीआजीला परत दाखव ना तो सीन. एकदाचं कळेल." माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मावशी समोरच शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला? काठावर थांबला तो. परत कशाला उतरवायचं त्याला?"

मी फोन ठेवला.

तेव्हापासून ती आप्पांबद्दल बोलते. ते बैलांना कसे हाका मारायचे, हुरड्यात तिला पहिली मूठ कशी द्यायचे, आईवर रुसले की कुठं जाऊन बसायचे. मला सगळं पाठ झालंय. तिला नवं माणूस लागतं ऐकायला. तर या रेणापूरला, बसस्टँडवर उतरून फोन करा, मी घ्यायला येते. लवकर या, तिचं वय बघा. आणि त्या दुपारी तुमच्यापैकी कुणी त्या थेटरात असाल, तर जरूर या. फक्त कंदील दिसला होता की नाही, ते आधी मला दाराबाहेरच्या ओट्यावर सांगा. मग आत या.