भिंतीवरची आचल

अचलपूरच्या गाडीतून गुलफाम पेंटर उतरला की आमचं गाव समजायचं, शाळा उघडायची वेळ झाली. आमच्याकडे शाळा उघडते ती जून सरता सरता. तोवर ऊन असं की भिंतीला हात लावावा तर फोड यावा, आणि या माणसाचं कामच भिंतीशी. खांद्याला रंगाच्या डब्यांची थैली, डोक्याला ओला दुपट्टा.

आधी तो दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या आणि निवडणुकीत उमेदवारांची तोंडं रंगवायचा. मग सरकारला शाळांची आठवण आली. कपाशीला भाव नव्हता, माणसं गाव सोडून चालली होती, पोरं दप्तर टाकून वेचणीला लागली होती. तेव्हा वरून हुकूम निघाला, एकही मूल शाळेबाहेर दिसता कामा नये, आणि शाळेच्या भिंतींनी बोललं पाहिजे. पोरं आणायचं काम मास्तरांच्या गळ्यात पडलं, भिंती बोलवायचं गुलफामच्या.

त्याचा बापही पेंटर. पण त्याने जन्मात चेहरा काढला नाही. अक्षरं, वेलबुट्टी, बस. तो म्हणायचा, "चेहरा बनाया ना बेटा, तो कयामत के दिन पूछेंगे, अब इसमें जान डाल. डालेगा?" बाप गेल्यावर गुलफामने चेहरे काढले. पोट होतं मागे. पण एक पळवाट ठेवली. बुबुळातला पांढरा ठिपका तो देत नसे. त्या ठिपक्यानेच डोळा जिवंत होतो. त्यामुळे त्याचे उमेदवार बाजारातल्या मासोळीसारखे बघायचे.

"गुलफामभाई, आमचा माणूस मेल्यावानी काहून दिसून राहिला?" कार्यकर्ते चिडायचे.

"निवडून आल्यावर असाच दिसन. आतापासून सवय करा."

आमच्या शाळेत पहिल्यांदा आला तेव्हा शालिकराम गुरुजींनी दाराजवळच्या भिंतीवर दप्तरवाली पोरगी मागितली. समोर उभी केली मनकर्णाची लेक आचल. दुसरीतली. जीभ म्हणजे कातर.

"हालू नको ना, पोट्टी."

"मी नाई हालून राहिली. माशी हालवून राहिली मले."

चित्र झालं. आचलने कमरेवर हात ठेवून पाहिलं. "हे मी नोहो. हिचे डोये त म्हशीचे हायेत. आंधयी केली मले!"

पोरं खिदळली. आचलचा ओठ थरथरला. गुलफामने बारीक ब्रश घेतला आणि दोन्ही बुबुळांत पांढरा ठिपका ठेवला. भिंतीवरची आचल बघायला लागली.

त्याच साली दिवाळीनंतर बोंडं एकदम फुटली आणि वर आभाळ आलं. आचल दप्तर घेऊन निघाली होती. मनकर्णाने ते काढून खुंटीला टांगलं. "आज वेचाले चाल. उद्या जाजो शायेत." दुपारी पोरीने कापसाच्या ढिगात हात घातला, आणि आत साप होता. बैलगाडी अचलपूरच्या सडकेला लागायच्या आत सगळं संपलं.

पुढच्या जूनला गुलफाम आला तर मनकर्णा त्या भिंतीपाशी बसलेली.

"पेंटरभाऊ, पोरगी तिसरीत गेली. फराक आखूड होते तिले."

त्याला आधी समजलंच नाही. गुरुजींनी सापाचं सांगितलं तेव्हा थैली खाली ठेवायचं भान राहिलं नाही. "भाभी, ये काम मेरा नहीं. माह्याच्यानं नाई होत."

"डोये तुमीच देल्ले ना? मंग वाढवाले काय होते?"

तिने आवाज चढवला नाही. रडलीही नाही. गुरुजी हजेरीत तोंड घालून बसले. गुलफामने फ्रॉक लांबवला, पाय वाढवले, एका वेणीच्या दोन केल्या. डोळ्यांना हात लावला नाही. त्याच्या पुढच्या साली ती चौथीत गेली. गालाचा गोबरेपणा उतरवला, मान उंच केली. लहान पोरं त्या भिंतीपाशी एकटी जात नसत. म्हणत, आचल आपल्याहून जलदी वाढते.

गुलफामचं पार बिनसलं. साबणाच्या जाहिरातीतली बाई काढायला घ्यावी, तर तोंड आचलचं. एकदा तर मिशीवाल्या उमेदवाराला तिची हनुवटी आली. त्याची बायको सितारा म्हणाली, "पोछ डालो उसको. नहीं तो मैं मायके जाती."

तिसऱ्या जूनला तो चुन्याची बादली आणि चुना मारायची कुंची घेऊनच उतरला. आमची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला बेलखेड्याला जावं लागतं.

"भाभी, पास झाली आता. इथलं सरलं तिचं."

 मनकर्णाने त्याच्या हातातली कुंची घेतली आणि स्वतःच चुना मारला, पायांकडून वर. डोळ्यांपाशी हात थांबला. "बेलखेड्याची शाया बी तुमीच रंगवता ना?" एवढं विचारून डोळेही झाकले.

हो म्हणण्यावाचून गुलफामला गत्यंतर नव्हतं.

बेलखेड्यात त्याने दप्तरवाली पोरगी काढली, पण पाठमोरी. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, शाळेच्या दाराकडे तोंड. चेहराच नाही तर डोळ्यांचा प्रश्न नाही. शाळा उघडली त्या दिवशी मनकर्णा शिवारातून चालत तिथे पोचली. गुलफाम अजून फाटकावरच्या अक्षरांना रंग देत होता. तिने चित्र पाहिलं, वेण्यांवर बोट फिरवलं.

"आचलच हाये. पन इकडं पाहत काहून नाई?"

"शायेत जाऊन राहिली ना, भाभी. मागं कशी पाहीन?"

"एकडाव वळवा तिले."

गुलफामच्या हातातला ब्रश फाटकावर टेकला, अक्षर फिसकटलं. "वळली तं काय म्हनन तुमाले?"

"म्हनन, दप्तर काहून टांगलं व माय." मनकर्णाने पदर सावरला. "म्हनू द्या. तेच आयकाले येतो मी."

त्याने वळवलं नाही. त्या दिवसापासून चेहराही काढला नाही. आता नुसती अक्षरं, बापासारखी. आमच्या शाळेतही मग दुसराच पेंटर येऊ लागला.

चुना ऑइल पेंटावर धरत नाही, हे गुलफामला ठाऊक होतं. मनकर्णाच्या हाती कुंची होती, तेव्हा तो बोलला नाही. श्रावणात भिंत भिजली आणि पोपडे सुटले. आधी उघडी पडली ती दोन बुबुळं, पांढऱ्या ठिपक्यांसकट. गुरुजी दर पावसाळ्यात त्यावर स्वतः चुन्याचा हात मारतात, डोळे पुन्हा वर येतात. गावात कोणी मनकर्णाला सांगत नाही. ती सकाळी उठते आणि बेलखेड्याची वाट धरते, त्या पाठमोरीपाशी उभी राहायला. जाताना आमच्या शाळेवरूनच जाते, पण मान वळवत नाही. तिच्या लेखी तिथलं सरलं आहे.