डब्यातलं मीठ आणि आमची सी लॅब

आमच्या कॉम्प्युटर लॅबची मागची खिडकी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या बाजूला उघडायची. हंगामात कापसाचे बारीक तंतू उडत यायचे आणि कीबोर्डवर बसायचे. सकाळी फडक्यानं झटकले तरी दुपारी पुन्हा तेवढेच. लॅबमधले किस्सेही तसेच. कोणी मुद्दाम गोळा केले नाहीत, आपोआप साठत गेले.

यवतमाळचं कॉलेज आणि कापसाची ती वाईट वर्षं. मी सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणारी. बाळंतपणाची रजा संपवून परतले तेव्हा मुलगी मिनू आठ महिन्यांची होती, आणि माझी पक्की खात्री होती, की डोक्यातलं निम्मं सी तिच्याबरोबरच बाहेर पडलंय! विभागप्रमुख राठोड सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक येतील. त्यांचा अभिप्राय चांगला आला तरच तुमची पुढची ऑर्डर. माझ्या हातात काही नाही."

आणि माझ्या वाट्याला आले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल! म्हणजे काय, तर सिस्टीममध्ये नाव आणि मजकूर लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात. प्रोग्राम सुरू होताना त्या त्याला मिळतात. getenv नं त्या वाचायच्या, setenv नं बदलायच्या. एवढंच.

'एवढंच' म्हटलं की समजावं, सेमिस्टर गेलं.

* * *

संदीप बोरी अरबहून रोज एस्टीनं यायचा. त्यानं पहिला प्रोग्राम लिहिला: GAV नावाची चिठ्ठी वाचायची आणि तिच्यात किती अक्षरं आहेत ते मोजायचं. चिठ्ठी ठेवायलाच विसरला. प्रोग्राम कोसळला.

"मॅडम, नाही हाय तं नाही म्हनावं ना त्यानं! असं पडाले कायले पायजे?"

"अरे, तो नाहीच म्हणाला. NULL दिला त्यानं. तू न बघताच मोजायला बसलास!"

मी अगदी रुबाबात फळ्यावर लिहिलं: 'आधी NULL तपासा, मग पुढे जा.' त्याच दुपारी मिनूला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकूंना फोन लावला. कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी पर्स तिथंच टाकून अनवाणी धावत सुटले! घरी काकू गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या आणि मिनू बादलीशी खेळत होती.

परत आले तर दाराशी संदीप माझ्या चपला घेऊन उभा.

"मॅडम, NULL चेक राहून गेला जी!"

* * *

लोडशेडिंग रोजचंच. लाइट गेली की मुलांनी ठेवलेल्या सगळ्या चिठ्ठ्या जायच्या. कंटाळून संदीपनं एक दिवस आपली चिठ्ठी लॉगिन होताच चालणाऱ्या फाइलमध्येच लिहून टाकली. चिठ्ठी कोणती, तर PATH! कमांड कुठे कुठे शोधायच्या, त्या ठिकाणांची यादी. तिच्यात आपल्या फोल्डरची भर घालायची, तर पठ्ठ्यानं जुनी यादी पुसून फक्त आपलंच फोल्डर ठेवलं. वर्गाला लॉगिन एकच, त्यामुळे ती फाइलही सगळ्यांची एकच. दुसऱ्या दिवशी वीसच्या वीस कॉम्प्युटरवर फाइलींची यादी दाखवणारी साधी ls टाइप केली तरी उत्तर एकच: सापडत नाही.

राठोड सर आले. पडदा बघून त्यांना तांड्यातल्या बोलीत आई आठवली. "ये याडी! अरे, पत्रावर पत्ता लिहिताना तालुका, जिल्हा खोडून टाकतोस का तू?"

"सर, बोरी अरबले सगळे वळखतात!"

* * *

आता माझा पराक्रम. प्राचार्य एकदा न सांगता वर्गात येऊन बसले. मी घाबरून setenv च्या जागी putenv लिहिलं. दोघांत फरक असा, की setenv दिलेल्या मजकुराची नक्कल ठेवतो, putenv मात्र तुमची मूळ जागाच धरून बसतो. मी ती जागा घेतली होती एका फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका छोट्या तुकड्याच्या आत. फंक्शन संपलं, जागा गेली. पडद्यावर 'यवतमाळ' यायचं, तिथं चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि एक स्मायली!

प्राचार्य रसायनशास्त्राचे. चष्मा पुसून म्हणाले, "वा! सांकेतिक लिपीसुद्धा शिकवता?"

मी म्हणाले, "हो सर."

बाहेर आल्यावर राठोड सरांनी हळूच विचारलं, "मॅडम, परीक्षकांना पण हेच सांगणार का?"

* * *

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. संदीपनं BHAV नावाची चिठ्ठी ठेवली. मजकूर: 'पडला'. प्रोग्राममध्ये setenv नं केला 'चढला'. प्रोग्रामनं छापलंही 'चढला'. प्रोग्राम संपल्यावर बाहेर येऊन पाहिलं, तर 'पडला'!

"मॅडम, हा खोटं बोलून राह्यला!"

मी पेरेंट प्रोसेस, चाइल्ड प्रोसेस, मेमरी असं अर्धा तास समजावलं. वीस चेहरे कोरे. लॅब अटेंडंट वंदनाताई कीबोर्डवरचे तंतू झटकत होत्या. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "काहून डोकं खपवता, मॅडम? मायनं पोराले डबा बांधून देल्ला. पोरानं एस्टीत बसून त्यात मीठ टाकलं. तं घरी चुलीवर गंजात ऱ्हायलेल्या भाजीत मीठ वाढन काय?"

वर्ग एकदम 'हां!' म्हणाला. मी अर्ध्या तासाचा फळा पुसला.

जाता जाता वंदनाताई संदीपला म्हणाल्या, "अन् बाहीरचा भाव वाढवनारा प्रोग्राम अजून निंघाला नाही, बाबू."

* * *

परीक्षेच्या दिवशीच काकूंना लेकीकडे वणीला जावं लागलं. मिनूला कडेवर घेऊन मी लॅबमध्ये! वंदनाताईंनी तिला स्टोअररूममध्ये एक बिघडलेला कीबोर्ड देऊन बसवलं. आतून टकटक येत होती. परीक्षकांनी एकदा तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या डोळ्यांपुढे कोरी ऑर्डर तरळली.

त्यांनी पहिल्या मुलीला विचारलं, "प्रोग्रामनं बदललेला मजकूर बाहेर का दिसत नाही?"

"सर, डब्यात मीठ टाकलं तर घरच्या भाजीत येत नाही."

दुसऱ्याला विचारलं. डबा. तिसरा, मीठ. विसावा संदीप, त्यानं तर एस्टीचा मार्गही सांगितला. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

"सकाळपासून मीठ ऐकतोय! हे पाठांतर कोणी करून घेतलं?"

'मी' म्हणायचं होतं. राठोड सर डोळ्यांनी तेच खुणावत होते. पण स्टोअररूमच्या दारात वंदनाताई मिनूला घेऊन उभ्या होत्या.

"यांनी समजावलं, सर. मला जमलं नव्हतं."

परीक्षक खुर्ची वळवून बसले. "बरं मावशी, पोरगं निघून गेल्यावर आईनं घरच्या भाजीत मीठ टाकलं, तर डब्यात जाईल?"

"कसं जाईन? एस्टी गेली ना सायेब."

"मग पोराला मीठ द्यायचंच असेल तर?"

"डबा बांधाच्या आंधीच टाका लागते."

परीक्षकांनी पुन्हा पेन उचललं. मग अभिप्रायाचा कागद ओढून दोन ओळी लिहिल्या, सही केली, मिनूच्या हातातला कीबोर्ड तिला सुलटा करून दिला आणि गेले.

राठोड सरांनी कागद उचलला. एकदा मनात वाचला. मग चष्मा काढून मोठ्यानं वाचला:

"लॅब अटेंडंटचे अध्यापन उत्कृष्ट. सोबतच्या मॅडमनाही राहू द्यावे."