शहाणा ठरलेला भाऊ

अकोल्याच्या तुरुंगाच्या अंगणात गोऱ्या डॉक्टरानं माझ्या धाकट्या भावाला, सखारामला, उन्हात उभं केलं. विचारलं, आज वार कोणता?

सखाराम म्हणाला, "चिमण्या."

शिपाई हसले. डॉक्टर हसला. दुभाषाचं काम करणारा कारकून पुण्याकडचा. तो मला म्हणाला, "काय हो दलाल, ह्याला घरी कडबा घालता की पेंड?" पुन्हा सगळे हसले.

त्या वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव होता. बापानं जन्मभर दुसऱ्याची ढोरं वळली, पण आम्ही दोघं भाऊ अमरावतीच्या बाजारात दलाल झालो. सौदा करणाऱ्या दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबून भाव ठरवायचा, तोंडातून शब्द नाही. त्यात सखाराम माझ्याहून तरबेज. मग तो एकटाच बडबडू लागला. जेवेना. पौषात त्यानं एका शेठच्या कापसाच्या गंजीला आग लावली आणि तिथंच बसून राहिला. मी धावत गेलो, तर म्हणाला, "कापसाले थंडी वाजून राहिली होती, दादा."

वेडा ठरला तर शिक्षा नाही, वेड्यांच्या दवाखान्यात ठेवणार. त्यासाठीच ही तपासणी होती. मला ते ठाऊक होतं. पण ते हसणं सोसवेना. माझं डोकं फिरलं.

"हसता काहून? याच्यासारखा दलाल दाखवा मले!"

मी त्याच्या हातावर रुमाल टाकला. बोटं दाबली. त्यानं मान वर केली नाही, पण बोटं बोलली. मी भाव पाडला, तो चढला. मी अडलो, त्यानं मला वाकवलं. सौदा पक्का झाला आणि मी छाती काढून भाव ओरडून सांगितला.

आता कोणी हसलं नाही. डॉक्टरानं लिहिलं. कारकून म्हणाला, "शहाणा आहे. सोंग करतो. तुम्हीच दाखवलंत."

"नाही जी! हाताची सवय हातात राहते. डोकं गेलं त्याचं!"

कोण ऐकतो.

पाच वर्षांची सजा झाली. आत तो भिंतीशी बोलायचा. सोंग करतो म्हणून फटके खायचा. सातव्या महिन्यात मला बोलावणं आलं. तो तरटाखाली होता. पाठ पाहिली, पुढं पाहवलं नाही. कारकुनानं कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, डोकं ठिकाणावर असलेला कैदी तापानं मेला. खाली माझी सही हवी.

"वेडा होता असं लिहा. मग करतो."

"इथंही घासाघीस?"

"खरं तेच मागून राहिलो."

"सही नाही तर मढं नाही."

घरी आई वाट पाहत होती. तरी मी सही न करता बोरू खाली ठेवला. त्याला तुरुंगाच्या माणसांनी जाळलं. मला जवळ जाऊ दिलं नाही.

आई एवढंच म्हणाली, "तुह्या रागानं माह्या लेकराले दोनदा खाल्लं." तेव्हापासून बोलत नाही. तिचं खरं आहे.

आता वऱ्हाडात कुठंही वेडा कैदी तपासायला आणला की मी फाटकाशी उभा राहतो. हाकलतात. परत जातो. म्हणतो, एका बरोबर उत्तरावरून माणसाला शहाणा ठरवू नका. आधी माझी जबानी घ्या. भावाला मीच आत टाकलं, तेही लिहा. लिहून घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही.