हळद-मीठ लावलेला नमुना

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा माणूस हळूच मोबाइल बघायला लागतो, म्हणून मी तो सांगायचंच सोडून दिलंय. थोडक्यात असा : पेशीच्या इवल्याशा केंद्रकात लांबच लांब डीएनए मावतो, कारण काही प्रथिनं त्याला गुंडाळून ठेवतात. नराच्या बीजात तर तो आणखी घट्ट बांधावा लागतो आणि तिथं बांधणारी प्रथिनंही बऱ्याचदा वेगळी असतात. ती डीएनएला कशी धरून बसतात, हे मी माशांमध्ये बघते. कन्हेरीला शेती बघणारे माझे सासरे, आमचे आबा, हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाले होते, "म्हंजी एवढं शिकून गुंडाळायचंच काम व्हय? मंग आपली ठिबकची नळी गुंडाळ की. रानात तशीच पडलीया."

मासेच का, तर बारामतीच्या आमच्या कॉलेजातून स्कूटी काढली की भिगवणचा मासळीबाजार फार लांब नाही आणि उजनीच्या पाण्यात चिलापी माशाला तोटा नाही. मला अख्खा मासा नको असतो, नराच्या पोटातली बीजाची पांढरी पिशवी तेवढी हवी असते. बाजारात हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आजूबाजूचे सगळे खोखो हसले. एका मावशींनी मात्र विळी पुढं ओढली आणि विचारलं, "किती पायजेत?"

त्या दिवसापासून मी त्यांची गिऱ्हाईक झाले. मावशी साठीच्या, आवाज खणखणीत, तोंडाला विश्रांती नाही. "ह्याचं औषध करताव व्हय?" त्यांनी एकदा हळूच विचारलं. मी म्हटलं, "नाही हो मावशी, नुसता अभ्यास." त्यांनी अशी काही मान डोलावली, जणू बाई गुपित राखून आहे हे आपण समजून चुकलोय.

त्यांना औषध का हवं होतं, हे कळायला वेळ लागला नाही, कारण त्या ते प्रत्येक खेपेला सांगायच्या. मुलाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. नवस झाले, अंगारे झाले, सुनेच्या तपासण्या झाल्या. आता घरात ठरलं होतं : यंदा पंचमीला सून माहेरी गेली की तिला आणायला कुणी जायचं नाही. आठ-पंधरा दिवसांत माहेरचे काय ते समजतील. दुसरी मुलगी बघूनही ठेवली होती. हे सगळं त्या सांगायच्या तेव्हा ती सून दोन हातांच्या अंतरावर बसून खवले काढत असायची. मान खाली. मला भयंकर राग यायचा. एकदा मी तडकून म्हटलंच, "मावशी, मुलाला तपासलंय का कधी?" त्या हसायलाच लागल्या. "त्याला काय धाड भरलीया? रेड्यावानी हाय त्यो!"

सुनेनं तेवढी एकदा मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खवले काढायला लागली.

पंचमी परवावर आली होती तेव्हाची गोष्ट. कॉलेजात परीक्षेचं काम लागलं, म्हणून मी मावशींना सकाळीच फोन केला : मी उशिरा येते, पिशव्या बर्फात ठेवा. दुपारी पोचले तर मावशी एकट्याच होत्या. सून घरी बोचकं बांधत होती. मावशींनी मोठ्या कौतुकानं स्टीलचा डबा पुढं केला. मी झाकण उघडलं. आत पिवळाजर्द, शेंबडासारखा चिकट लगदा.

"मावशी, हे काय केलंत?"

"हळद-मीठ लावलं की! मासळी कापली की लावायचंच असतं, न्हायतर वास मारती. तुमी उशिरा येनार म्हनून मीठ जरा हात सैल सोडूनच टाकलं."

माझा पारा चढला. मला राग आला की माझा आवाज सगळ्या वर्गाला पुरतो. त्या दिवशी तो सगळ्या बाजाराला पुरला. "अहो, मला काय कालवण करायचंय का? मीठ पडलं की सगळं सुटतं! बांधणारी प्रथिनं निघून जातात, धागा मोकळा होतो, मग मी बघू काय? कप्पाळ?"

मावशी गोऱ्यामोऱ्या झाल्या. "कसला धागा?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मी जरा थंड झाले आणि त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले. म्हटलं, "तुम्ही जाळं होडीत नीट घडी घालून ठेवता ना? गुंता झालेलं जाळं पाण्यात टाकलं तर मासा लागतो का?"

"कुठनं लागंल?"

"नराच्या बीजात तसाच एक धागा असतो. बाळाचं अर्धं सगळं त्याच्यात. तो नीट बांधलेला नसला, तर बीज पोचूनही गर्भ धरत नाही असं होऊ शकतं."

"मीठ न पडता बी?"

"मीठ न पडताही. माशांत काय, माणसांत काय. बाहेरून पुरुष कितीही धडधाकट दिसू दे. दोष बाईतच असतो, असं कुठं लिहून ठेवलंय?"

मावशींची विळीवरची चिलापी तशीच राहिली. समोर एक गिऱ्हाईक भाव विचारत होतं, त्याला त्यांनी हातानंच पुढं जा म्हटलं. मला वाटलं, माझ्या ओरडण्याचं त्यांना फार लागलं. मी माफी मागणार, तेवढ्यात त्याच बोलल्या. आवाज अगदी खाली आला होता.

"बाई, ह्ये माजं दुसरं घर हाय."

मी डब्याचं झाकण लावून तो बाजूला ठेवला.

"पयल्या घरी मला बी मूल न्हवतं. वांझ म्हनायची. मला बी पंचमीलाच धाडलं. मी रोज उंबऱ्यात बसायची, आज येतील, उद्या येतील. कुनी आलं न्हाय. मंग बापानं हितं दिली, आन् वरीस भरायच्या आत ह्यो झाला." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "मला वाटायचं, देवीला दया आली. माज्यात कसली खोट न्हवतीच, व्हय वो?"

"कसलीच खोट नव्हती, मावशी," मी म्हटलं.

त्यांनी पदरानं आधी हात पुसले, मग डोळे, आणि कमरेचा मोबाइल काढून घरी लावला. सुनेनंच उचलला असावा.

"त्याला म्हनावं, उद्या कामाला जाऊ नगंस. माज्यासंगं बारामतीला यायचंय, दवाखान्यात. त्याला दावायचंय, तुला न्हाय... रडू नगंस आदी. आइक. पंचमीला माहेरी खुशाल जा. आनायला मी सोता येनार हाय."