आतोबांनी मला दिलेले चाळीस रन

जगात खरं बोलणारी माणसं पुष्कळ असतील, पण खरं बोलून स्वतःलाच बाद करून घेणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा निघाला. आतोबा जबलपूरच्या लष्करी सामानाच्या कारखान्यात खेळाडू म्हणूनच नोकरीला लागले होते. सलामीला यायचे आणि खेळता खेळता स्वतःच्याच बॅटिंगची कॉमेंट्री करायचे, तीही हिंदीत. ‘गेंद ऑफ स्टंप के बाहर, बल्लेबाज ने सोच-समझकर छोड़ दी,’ हे खुद्द बल्लेबाजच सांगतोय म्हटल्यावर गोलंदाजाचं डोकं फिरायचं. वाक्य पुरं झाल्याशिवाय आतोबा धाव काढत नसत, त्यामुळे पलीकडचा गडी अर्ध्या वाटेवरून परत पळायचा. एकदा प्रांताच्या संघाची निवड करणारी मंडळी सामना बघायला आली. आतोबा सदतीसवर होते. एक चेंडू बॅटला निसटता लागून विकेटकीपरच्या हातात गेला. आवाज कुणालाच आला नव्हता, अपीलही झालं नव्हतं, आणि आतोबा मोठ्यानं म्हणाले, ‘बल्ले का महीन किनारा, और कैच!’ मग अपील झालं, पंचांनी बोट वर केलं आणि निवडीचा विषय तिथंच संपला. आत्यानं कपाळावर हात मारून विचारलं, “काहून बोललात हो?” तर म्हणाले, “किनारा लागला होता ना!”

खेळणं सुटल्यावर मैदानावरचा माइक त्यांच्याकडे आला आणि वर्षानुवर्षं राहिला. त्यांनी सांगितलेला स्कोर कधी एका धावेनंही चुकला नाही आणि याचा त्यांना भयंकर अभिमान होता. हा बाणा ते घरीदारीही चालवत. कुणाच्या तरी मुलीला बघायला पाहुणे आले असताना, मुलाकडच्यांनी ‘मुलगा मॅट्रिक आहे’ एवढंच सांगितलं, तर आतोबा चिवड्याची बशी खाली ठेवून म्हणाले, “तिसऱ्या खेपेला.” त्यानंतर आत्या त्यांना असल्या ठिकाणी नेताना तोंडात सुपारी देऊन ठेवायची.

मग लढाई सुरू झाली. कारखान्यात दुहेरी पाळ्या लागल्या, माणसं घरी फक्त झोपायला येऊ लागली. सगळ्यांना जरा विरंगुळा म्हणून साहेबांनी दोन विभागांचा एक सामना ठरवला आणि ज्यांना यंत्र सोडून येता येणार नव्हतं त्यांच्यासाठी शेडवर भोंगे बांधले. कॉमेंट्री अर्थातच आतोबांची. पण सुरक्षेचे साहेब एक कागद घेऊन आले. दिशा सांगायची नाही. वारा सांगायचा नाही. प्रेक्षक किती ते सांगायचं नाही. विभागाचं आणि खेळाडूचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही, कोणता माणूस कामावर नाही ते शत्रूला कळायला नको! आतोबा संतापले. “मग काय सांगू? गेंद गोल आहे?” पण माइक सोडवेना. सकाळी भोंग्यातून आवाज आला, ‘एक गेंदबाज, एक छोर से, एक बल्लेबाज की ओर. हवा के बारे में मैं इतना ही कहूँगा कि वह है.’ आत खरादाच्या यंत्रांवर माणसं हसून हसून बेजार झाली.

त्याच खरादांपैकी एकावर माझे बाबा होते आणि नुकताच तिथं कामाला लागलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या विभागाकडून खेळत होतो. बाबांना माझं खेळणं अजिबात मंजूर नव्हतं. “दुनिया लढाईत मरून राहिली आन् तू बॅट घेऊन फिरून राहिला. आज काही दाखवलं नाहीस तर ही बॅट बंबात,” असं सांगून ते पाळीवर गेले होते. बोलल्याप्रमाणे करणारा माणूस. आतोबांना हे ठाऊक होतं, म्हणून मी मैदानात उतरलो तेव्हा त्यांनी नियमातून वाट काढली. ‘अब वह बल्लेबाज आ रहा है जिसके घर आज सुबह सांबारवडी बनी है.’ सुरक्षेच्या साहेबांनी कागद वरखाली करून पाहिला. कोथिंबिरीच्या सांबारवडीवर बंदी नव्हती.

पहिल्याच चेंडूवर माझी मधली दांडी उडाली.

भोंगा गप्प झाला. मी परत येताना माइककडे पाहिलं, आतोबा माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी घसा साफ केला. ‘एक बल्लेबाज आउट हुआ है. नाम बताने की मनाही है.’ सुरक्षेचे साहेब खूश झाले. आणि पुढचा चेंडू दुसऱ्याच गड्यानं सीमेपार टोलवला तेव्हा आतोबा म्हणाले, ‘सांबारवडीवाले बल्लेबाज का शानदार चौका!’ मी पॅड न सोडता सावलीत बसून माझी स्वतःची चाळीस रनांची खेळी ऐकली. खेळी फार सुंदर होती.

बाबा पाळी संपवून आले, बॅट हातात घेतली, फडक्यानं पुसली आणि कोपऱ्यात उभी ठेवली. “चाळीस केलेस म्हणे,” एवढंच म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात काढून घ्यायला लावील असं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आतोबांच्या शब्दावर शंका घेणं तर आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. ज्याचे ते चाळीस होते त्या भट्टीवरच्या भैयाची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली, तर तो म्हणाला, “रख ले यार. मेरे बाप को तो क्रिकेट समझता ही नहीं.” संघातलं कुणी बोललं नाही. बाबा मात्र बोलत. घरी आलेल्या प्रत्येकाला ते माझी खेळी ऐकवत आणि काही विसरलं की आतोबांना विचारत. आतोबा खाली मान घालून आठवण करून देत.

लढाई संपली, तो कागदही फाडून टाकला गेला. पुढच्या सामन्यासाठी साहेब स्वतः आतोबांच्या घरी आले, तर त्यांनी माइक घ्यायला साफ नकार दिला. मी खूप विनवलं.

“तुझ्या बाबांना सांगता सांगता,” ते म्हणाले, “ते चौके मला तुझ्याच बॅटमधून निघताना दिसून राहिले, बाबू. जे झालंच नाही ते दिसतं ज्याला, त्यानं स्कोर नाही सांगू.”

मला रडू आलं, पण बाबांना खरं सांगण्याची हिंमत मला तेव्हाही झाली नाही. सामन्याच्या दिवशी आतोबा गर्दीत माझ्या शेजारी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. माइकवर कुणी नवा माणूस अडखळत होता. मागून एकानं सवयीनं आतोबांनाच विचारलं, “दादा, स्कोर क्या हुआ?”

आतोबा वळले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “इससे पूछ लो भैया.”

मी फळा दोनदा पाहिला आणि स्कोर सांगितला.