वाघाच्या पिंजऱ्यात जाऊ नगंस

काल नातीला सर्कशीला नेलं. वाघाच्या पिंजऱ्याचा उग्र दर्प नाकात शिरला आणि माझे डोळे भरून आले. नातीला वाटलं, आजोबा घाबरले.

१९३० सालच्या आसपासची गोष्ट. मला पुण्याच्या कॉलेजात प्रोफेसर म्हणून वाफेची इंजिनं शिकवायची नोकरी लागली होती. निरोप द्यायला वडील, आमचे आबा, मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून कुंभारीहून सोलापूर स्टेशनावर आले होते. त्या काळी जादूगार आणि सर्कसवालेही नावामागे ‘प्रोफेसर’ लावत. आबांना दुसरा प्रोफेसर ठाऊकच नव्हता.

गाडी हलली, तसे ते खिडकीला धरून चालू लागले. "परपेसर झालास, लई चांगलं झालं. पर वाघाच्या पिंजऱ्यात जाऊ नगंस. दुसरा कंचाबी खेळ कर की!"

मी पोट धरून हसलो. पुढं धापा टाकणाऱ्या इंजिनाकडं नुसतं बोट दाखवलं असतं, तरी पुरलं असतं.

तो किस्सा मी स्टाफरूममध्ये किती वर्षं रंगवून सांगितला! आबांना समजावून सांगणं तेवढं राहून गेलं.

ते गेल्यावर आई म्हणाली, "तुजं पत्र आलं की वाचणाऱ्याला आदी इचारायचे, ‘हातपाय धड हायेत न्हवं त्येचे?’"